तिसरा उद्गार

कुणी बोलायला लागलं की पाळकसाहेब आधी चष्मा काढून काउंटरवर ठेवत. राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी नाकाकानाला नीट बसवून दिलेला चष्मा गिऱ्हाइकानं असा वरचेवर काढलेला मला खपत नाही. एकदा मी बोललोच, "साहेब, मी काय शोभेला दिलाय व्हय ह्यो?"

ते म्हणाले, "बघायचं थांबल्याबिगर मला नीट ऐकू येत न्हाय हो."

ते निवृत्त पाळक होते. ख्रिस्ती मंडळी आपल्या धर्मगुरूला पाळक म्हणतात, म्हणून आमच्या गल्लीत ते सगळ्यांचे पाळकसाहेब. उंच, जरा वाकलेले, छातीवर पांढरी दाढी. असा माणूस निवृत्तीनंतर काय करेल असं तुम्हाला वाटतं? बागेत फिरेल, नातवंडं खेळवेल. हे बसले होते इस्लामची पहिली वर्षं अभ्यासत. पैगंबरांच्या हयातीत आणि त्यानंतर लगेचच्या काळात आसपासच्या ख्रिस्ती माणसांनी काय पाहिलं, काय लिहून ठेवलं, हे ते मूळ भाषेत वाचत. त्यासाठी या वयात सिरियाक नावाची जुनी भाषा शिकले होते. तिची अक्षरं तीळ सांडल्यासारखी दिसत. ती वाचता यावीत म्हणून त्यांनी माझ्याकडून किती तऱ्हेची भिंगं बदलून नेली, विचारू नका.

"एवढं कशाला जिवाला लावून घेता?" मी म्हणायचो. "तुमचा धर्म येगळा, त्यांचा येगळा."

"आजऱ्यात ल्हानपणी आमच्या आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या घराची भिंत एकच हुती. आम्ही खिळा ठोकला की त्यांच्याकडचं कॅलेंडर पडायचं. मग ही माणसं कुठनं आली, पयल्यांदा आमच्या लोकांस्नी कशी दिसली, ते बघाय नको?"

मग ते सांगत. मठात राहणाऱ्या एका साधूनं लिहिलंय की हे अरब म्हणजे देवाचा कोप. त्याच काळातला एक धर्माध्यक्ष, म्हणजे बिशप, लिहितो की ही माणसं आमच्या मठांना मान देतात. मी विचारलं, यातला खरा कोण? ते म्हणाले, "दोघं बी आमचीच माणसं, दोघांनी बी बघितल्यालं. भ्यालेल्याचं ऐकायचं आणि न भ्यालेल्याचं बी ऐकायचं." मला एकच उत्तर हवं असायचं आणि ते मला कधी मिळालं नाही.

उचगावात वेल्डिंगचं दुकान असलेले बशीरभाई माझे जुने गिऱ्हाईक. ठिणग्यांनी डोळे बिघडवून घ्यायचे आणि मग माझ्याकडे यायचं, हा त्यांचा शिरस्ता. एकदा दोघांची माझ्याकडे गाठ पडली. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक कशावर आहे हे कळल्यावर बशीरभाई जरा ताठले.

"साहेब, राग मानू नका. पर आमच्यात काय खोट घावती का ते बघताय व्हय?"

"खोट बघायला माझं घर पुरतंय की," पाळकसाहेब म्हणाले. "बसा, च्या घ्या."

त्या दिवशी त्यांनी हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजाची गोष्ट सांगितली. मक्केत पैगंबरांवर विश्वास ठेवणारी पहिली मूठभर माणसं. छळाला कंटाळून त्यातली काही समुद्रापलीकडे हबशात गेली. तिथला राजा ख्रिस्ती. मागोमाग मक्केचे वकील नजराणे घेऊन आले, की आमची माणसं आमच्या हवाली करा. राजानं पळून आलेल्यांना विचारलं, तुमच्याकडे देवाकडून आलेलं काय आहे? त्यांनी कुराणातला मरियमेविषयीचा, म्हणजे येशूच्या आईविषयीचा, भाग म्हणून दाखवला. राजा रडला, त्याचे धर्माध्यक्ष रडले. नजराणे परत गेले, माणसं राहिली.

बशीरभाईंना ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती. पण दाढीवाल्या पाळकाच्या तोंडून ती ऐकताना त्यांनी चहाचा कप तसाच धरून ठेवला.

"आता यातलं नवल बघा," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "ही गोष्ट आमच्या कुणी लिवून ठेवली न्हाय. मी धुंडाळलं. ती ह्यांच्या लोकांनी जपली. आमच्या राजाचं चांगलं नाव ह्यांनी सांभाळलंय, एवढी वर्सं."

रोज रिक्षांच्या हॉर्ननं डोकं उठवणारा तो रस्ता मला क्षणभर फार जुना, फार मोठा वाटला.

त्या वर्षी रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा गुड फ्रायडेआधीचा उपवासकाळ एकत्र आले होते. बशीरभाईंनी आमंत्रण दिलं: उचगावात जमातीच्या हॉलमध्ये इफ्तार, त्याआधी पाळकसाहेबांनी राजाची गोष्ट सांगायची. ही बातमी मंडळीत, म्हणजे पाळकसाहेबांच्या चर्चच्या लोकांत, पोचली आणि शामुवेलराव माझ्या दुकानातच येऊन त्यांना भेटले. ते मंडळीच्या पंचांपैकी. सज्जन, पण कडक.

इथं एक रीत सांगायला हवी. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना चालते. क्रुसावरून येशूनं काढलेले सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो. तिसरा उद्गार पाळकसाहेबांचा. मरताना मुलगा आपली आई शिष्याच्या हाती सोपवतो, तो. त्यांची आई वारली त्या वर्षी त्यांना तो पहिल्यांदा मिळाला आणि मग कधी सुटला नाही. नाताळ संपला की ते त्याच्या तयारीला लागत. बाकी वर्ष ते अभ्यास करत, पण जगत त्या पंधरावीस मिनिटांसाठी.

"आमचा राग न्हाय," शामुवेलराव म्हणाले. "पर मंडळीत कुजबुज हाय. ऐन उपवासकाळात तिथं बोलाय गेलासा, तर यंदा उद्गार दुसऱ्याला द्यावा लागंल."

पाळकसाहेबांनी हात टेबलावर सपाट ठेवले. "ज्याला द्याल त्याला चांगला जमू दे," ते म्हणाले.

उचगावला मीच त्यांना गाडीवर बसवून नेलं. हॉल भरलेला. राजाची गोष्ट सांगून झाली, माना डोलत होत्या. इथं थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. ते थांबले नाहीत.

"इथवर आपली वाट एक हाय. पुढं येगळी हाय. मरियमेचा लेक क्रुसावर मेला आणि उठला, असं मी मानतो. तुम्ही मानत न्हाईसा. तुमच्यात बसून ह्ये झाकून ठेवलं, तर मी तुमच्याशी लबाडी केली असं व्हईल."

डोलणाऱ्या माना थांबल्या. मग जमातीचे मौलाना म्हणाले, "पावण्यानं खरंच बोलावं. बोला, साहेब." पाळकसाहेबांनी त्यांना मरियमेचा तो भाग म्हणून दाखवायची विनंती केली, आणि तो संपेपर्यंत हा म्हातारा माणूस खुर्ची न घेता उभा राहिला. मला ना त्यांचा धर्म कळतो, ना यांचा. पण त्या संध्याकाळी मी काहीतरी माझ्याहून फार मोठं पाहिलं.

इफ्तारला मानाचं म्हणून मटण होतं. उपवासकाळात पाळकसाहेब मटणाला शिवत नाहीत, हे उचगावकरांना ठाऊक नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. साहेबांनी ताट स्वच्छ केलं. येताना मी विचारलं, "उपवासाचं काय?"

"मोडला की. त्या बायांनी दिवसभर उपाशी राहून रांधलं हुतं. मीठ बघाय सुदिक कुणी चाखलं नसंल. देवाशी मी बोलून घेतो."

देवाशी बोलले असतील ते असतील, दुसऱ्या दिवशी शामुवेलरावांना स्वतःच जाऊन मटणाचंही सांगून आले. तिसरा उद्गार गेला. तो शामुवेलरावांनीच घेतला.

त्या गुड फ्रायडेला मी पाळकसाहेबांना चर्चमध्ये सोडायला गेलो आणि रागानं तिथंच बसलो. ते शेवटच्या बाकावर. शामुवेलराव बोलायला उभे राहिले, अडखळत, कागद चाचपत. मी मनातल्या मनात त्यांच्या चुका काढत होतो. पाळकसाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि जीव लावून ऐकलं. बाहेर आल्यावर शामुवेलरावांचा हात धरून म्हणाले, "आईबद्दल बोललासा ते बरं बोललासा."

पावसाळ्यात पाळकसाहेब गेले, झोपेतच.

पुढच्या गुड फ्रायडेला मी आपणहून गेलो. दुसरा उद्गार चालू असताना बशीरभाई डोक्याला रुमाल बांधून आत आले आणि माझ्या शेजारी बसले. मग शामुवेलराव व्यासपीठावर गेले. त्यांनी तिसरा उद्गार वाचला, ग्रंथ मिटला आणि तिथंच उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. मंडळीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. जेवढा वेळ पाळकसाहेब बोलत असत, तेवढा सगळा वेळ तसाच गेला.

बशीरभाईंनी माझ्या कानाशी लागून सांगितलं, "जुम्म्याच्या नमाजाची येळ झाली," आणि ते उठले. बाकांमधून वाट काढत दारापर्यंत जायला त्यांना थोडा वेळ लागला. ते बाहेर पडून चप्पल पायात घालेपर्यंत शामुवेलराव थांबले आणि मग त्यांनी चौथ्या उद्गाराच्या माणसाला पुकारलं.