इटलीचं स्पेलिंग

"खालचा डबा! खालचा उघड म्हणतोय ना मी, वरचा नाही!"

कारखान्याच्या गेटवरचा जमादार असा ओरडत होता की तुर्भ्याचे बगळे उडून थेट ठाण्याला जाऊन बसले असतील. पहिली पाळी नुकती सुटलेली. हजार कामगार थांबून बघत होते — हजार कुठले, साठसत्तर असतील. सवय जात नाही, काय करू? त्यांच्या मधोमध काशिनाथ टर्नर, हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा. आणि रस्त्याच्या पलीकडे मी, माझ्या लाल गाडीला टेकून, रुबाबात उभा. गाडीच्या बॉनेटमधून वाफ येत होती.

हा किस्सा तुम्ही ऐकलाही असेल. वाशीत मी तो सांगितला नाही असा माणूस सापडणं कठीण. लग्नात सांगितला, बारशात सांगितला, एकदा तर तेराव्याच्या जेवणात सांगितला आणि गेलेल्याच्या मुलालाही हसू आवरेना. पण तो झाला किस्सा. त्या दुपारी खरोखर काय झालं, ते मी एका माणसाशिवाय आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आणि खरं म्हणाल तर बरीच वर्षं स्वतःलाही नाही. आता तुम्हाला सांगतो. सांगून काय होणार? काही नाही. जे व्हायचं होतं ते होऊन गेलं.

आधी गाडी. गाडीशिवाय काहीच कळायचं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ती आणली. इटलीची, दोन माणसांची, उघड्या टपाची, रेसची गाडी. मी रंगाच्या कंपनीतला सेल्समन, वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहणारा. माझ्याकडे असली गाडी कशी, हे लोक विचारणारच. मी सांगायचो, एका संस्थानिकाची होती. शेजारच्या सीटवर त्यांचा पाळीव वाघ बसायचा, पंज्याचे ओरखडे अजून आहेत बघा. ओरखडे होते. कुर्ल्याच्या ज्या भंगारवाल्याकडून मी ती उचलली, त्याच्या मांजराचे. पण तेव्हापासून अख्खी सोसायटी मला 'राजे' म्हणायला लागली. चिडवून म्हणायचे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण राजे म्हणायचे ना!

गाडी इतकी बुटकी की कोंबडीसुद्धा तिच्याकडे वरून बघून जायची. पेट्रोल अशी प्यायची की मला लांबून पाहून पंपावरचा माणूस उठून उभा राहायचा. खाडीचं खारं वारं तिला चोवीस तास कुरतडत असायचं. सकाळी फडकं मारलं की फडक्यावर लाल भुकटी — रंग निघाला की गंज, ते रंग विकणाऱ्या मलाही ओळखू यायचं नाही. फॅनबेल्ट पिठाच्या गिरणीचा, ब्रेकचं रबर रिक्षाचं, पुढचा एक दिवा कुठल्याशा टेम्पोचा. आणि दरवेळी मी सांगायचो, पार्ट इटलीहून मागवलाय. बोटीने. घाई असली तर विमानाने.

हे सगळे पार्ट बसवले कोणी? काशिनाथने.

काशिनाथ कोपरखैरण्याचा, मूळचा गाववाला. बापाची भातशेती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, तिच्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली होती. तो मला एकदा म्हणाला होता, त्याचं लेथ मशीन जिथे उभं आहे ना, बरोबर तिथे त्यांचं भात झोडायचं खळं होतं. लहानपणी तो तिथे पेंढ्यात लोळायचा, आता तिथेच आठ तास उभा राहायचा. मी त्या कारखान्यात रंगाची ऑर्डर घ्यायला जायचो, तेव्हा त्याने गाडी पाहिली. पाहिली म्हणजे — बॉनेटवर कान ठेवला, डोळे मिटले आणि मला न विचारता सांगितलं की हिला खोकला झालाय. पुढे चार वर्षं दर रविवारी सायकल मारत माझ्याकडे. मजुरीचं नाव काढलं नाही. एकच मागणं होतं त्याचं: गाडी एकदा नीट झाली की आईला शेजारी बसवून गावातून गावदेवीपर्यंत एक फेरी. मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं?

मग पाण्याच्या पंपाचा पंखा गेला. इंजिनात पाणी फिरवणारा, तळहाताएवढा पितळी पंखा. तो गेला आणि गाडी वाशीपासून तुर्भ्यापर्यंत गेली तरी चहाच्या आधणासारखी उकळायला लागली. मुंबई पालथी घातली, मिळाला नाही. काशिनाथ म्हणाला, मी बनवतो.

कारखान्यात एक शब्द आहे — 'फॉरेन'. कंपनीच्या मशीनवर, कंपनीच्या वेळात, गुपचूप केलेलं स्वतःचं काम म्हणजे फॉरेन. सगळेच करायचे, कोणी घरासाठी उलथनं, कोणी देवासाठी निरांजन. म्हणजे बघा, मी लोकांना 'फॉरेनचा पार्ट' म्हणायचो ते अगदीच खोटं नव्हतं. — ऐकलंत? इथेही कोटी करतोय मी. इथेसुद्धा.

पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत, पितळेच्या टाकाऊ तुकड्यातून, त्याने सहा पाती कानशीने घासून काढली. आणि मी काय केलं? मी म्हटलं, याच्यावर नाव ठोक. कारण कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना मी सांगून बसलो होतो की पंखा इटलीहून विमानाने येतोय, आला की तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. उद्या त्यांनी बघायला मागितला तर शिक्का नको? माझ्याकडच्या रंगाच्या शेडकार्डाच्या पाठीवर मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं. आय, टी, एल, वाय. काशिनाथ सातवी शिकलेला, तोही गावच्या मराठी शाळेत. त्याने विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, बरोब्बर असंच ठोक. कार्ड त्याने शर्टाच्या खिशात घातलं.

आता परत गेटवर जायला हवं, जिथे मी तो पंखा घ्यायला थांबलो होतो. खरं सांगू? जायचं नाहीये मला. गाडीचे अजून चार मजेदार प्रसंग सांगता येतील, हॉर्नची गंमत तर राहिलीच — असू दे.

खालचा पूड उघडला. त्यात बोंबलाचं कालवण, आणि कालवणात पंखा. त्या दुपारी त्याने भाकरी कोरडी खाल्ली होती म्हणे, पंखा झाकण्यापुरतं कालवण उरावं म्हणून. हे मला नंतर कळलं. जमादाराने पंखा दोन बोटांनी उचलून झटकला. तेवढ्यात मॅनेजरसाहेब बाहेर आले. त्यांनी तो कागदाने पुसला, उन्हात धरला आणि मोठ्याने वाचला. आय, टी, एल, वाय. मग म्हणाले, "चोराला निदान इटलीचं स्पेलिंग तरी यायला हवं होतं." सगळं गेट हसलं. मीही हसलो. हसता हसता मला कळलं की मध्ये एक 'ए' असतो.

मग त्यांची नजर रस्त्यापलीकडे माझ्यावर गेली. हात करून बोलावलं. विचारलं, हा तुमच्या गाडीचा तर नाही ना? तुम्हीच म्हणत होता, इटलीहून येतोय.

नीट ऐका. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो साहेब, माझाच, मापासाठी यांच्याकडे दिला होता. पार्ट बाहेरून आत आला, आतून बाहेर चाललाय, विषय संपला असता. जमादाराने दोन शिव्या घातल्या असत्या, फारतर एक मेमो. खोटं झालं असतं? तेही धड नाही, अर्धंच. वाघ, संस्थानिक, बोट, विमान — कोणी न विचारता मी उभं आयुष्य खोटं बोललो. आणि ज्या दिवशी एका माणसाला माझ्या एका खोट्याची गरज पडली —

मी म्हणालो, "छे हो, माझा विमानाने यायचाय अजून. मी या माणसाला ओळखत नाही."

घाबरलो होतो का? तसं असतं तर बरं झालं असतं. घाबरलेल्या माणसाला निदान आरशात बघता येतं. नाही, मला लाज वाटली. त्या वासाची. माझी इटली बोंबलाच्या कालवणातून निघाली, आणि निघाली तीही स्पेलिंग चुकलेली, याची लाज. बस, एवढंच. याच्याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाहीये.

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गाडीकडे बघत होता, त्या वाफेकडे. त्याचा हात शर्टाच्या खिशाशी गेला आणि तसाच खाली आला. मला वाटलं, विडी चाचपतोय. मग जमादाराला म्हणाला, "धुवून ठेवा तो. मीठ लागलंय त्याला, पितल कालं पडंल."

चौकशी झाली. कोणासाठी बनवलास, असं तीनतीनदा विचारलं म्हणे, त्याने नाव घेतलं नाही. चोरीचा ठपका ठेवून काढून टाकलं. बापाची जमीन गेली होती, तिच्या बदल्यात आलेली नोकरी गेली, आणि आपल्याच खळ्यावर पाय ठेवायची त्याला बंदी झाली. हे मला मॅनेजरसाहेबांनीच सांगितलं, चहा पाजून. मी चहा प्यायलो.

आणि तरी, मला कबूल करायचंय ते इथे संपत नाही. गेटवरचं वाक्य तोंडातून निसटलं असं एक वेळ म्हणता येईल. पुढचं नाही निसटलेलं. महिन्याभरात मी त्याचा किस्सा केला. माझ्या इटालियन पार्टची नक्कल करणारा चोर! जमादाराची ती दोन बोटं, कालवणाचा ओघळ, सगळं नकलेसकट. शेवटी जरा थांबायचो, सगळ्यांकडे बघायचो आणि म्हणायचो, "आणि चोराला इटलीचं स्पेलिंग येईना!" हशा. दरवेळी, न चुकता. गणपतीत फर्माईश यायची — राजे, तो चोर होऊन जाऊ दे. माझी चूक मी त्याच्या नावावर खपवून टाळ्या घेत होतो. नावावर तरी कुठे? नाव मी कधी घेतलं नाही, 'एक टर्नर' म्हणायचो. त्यालाच मी माझा सभ्यपणा समजत होतो.

गाडी पुन्हा धड चालली नाही. कोण चालवणार? रविवार यायचे आणि जायचे. आधी टायर बसले, मग चाकांतून गवत वर आलं, मग एका कुत्रीने आत पिलं घातली, नेमकी वाघाच्या सीटवर. एरवी यावर मी वर्षभर लोकांना हसवलं असतं. सांगावंसंच वाटेना. कधी दुपारी जाऊन नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचो, पत्र्याला आरपार भोकं पडलेल्या त्या सांगाड्यात. मुलं यायची, राजे, वाघाची गोष्ट सांगा म्हणायची. तोंड उघडलं की आधी तो बोंबलाचा वास यायचा. मग ती येईनाशी झाली. ज्या माणसाजवळ बडबडीशिवाय काही नव्हतं, त्याची बडबड आटली की मागे काय उरतं? गाडीचं उरलं तेच. फडक्यावर लाल भुकटी.

गेल्या वर्षी ती भंगारात दिली. भंगारवाल्याने सीट उचकटली तर खाली फडक्यात गुंडाळलेली एक कानस निघाली. काशिनाथची. मुठीला त्याने स्वतः सुतळी गुंडाळलेली. ती घेऊन मी कोपरखैरण्याला गेलो, सात वर्षांत पहिल्यांदा. वाटेत पानवाल्याकडे पत्ता विचारला तेव्हा कळलं, त्याची आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. फेरी राहिली ती राहिलीच.

गावदेवीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. केस पांढरे झालेत. मी कानस पुढे केली. त्याने अंगठ्याने तिचे दाते चाचपले, गंजली होती, बाजूला ठेवली. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं तेच — गेटवरचं, किस्स्याचं, टाळ्यांचं, आणि ते चुकलेलं स्पेलिंग माझं होतं हेही. जन्मात पहिल्यांदा काही न वाढवता बोललो. त्याला फार वेळ लागत नाही. पाच मिनिटांत संपलं.

तो एक नट सोडवत होता, सोडवत राहिला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "तुमचं कार्ड व्हतं ना माज्या खिशात."