रांजणावरची रेकॉर्ड

तलवाड्यात गहिनीनाथचं नाव निघालं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, मंडप आणि स्पीकर त्याच्याइतके वेळेवर कुणी आणून देत नाही. दुसरी, त्या स्पीकरवर त्याला स्वतःच्या आवडीचं काही लावू देऊ नका.

दुसऱ्या गोष्टीला अख्खा गाव साक्षीदार आहे. एका गणपतीत मिरवणूक देवळापुढं थांबली होती, पोरं घामाघूम होऊन नाचत होती, आणि गहिनीनाथनं हळूच आपल्या खासगी पेटीतली रेकॉर्ड चढवली. गाणं नाही, ढोल नाही, नुसतं सिंथेसायझर. टूं, टूं, टूं. मग बराच वेळ घूंऽऽऽ. मग पुन्हा एक टूं. पोरांचे हात वरच्या वर राहिले. मंडळाचा अध्यक्ष धावत जनरेटरकडं गेला. जनरेटर बिचारा ठणठणीत होता.

कुणाला बैलजोडीचा नाद असतो, कुणाला सरपंचपदाचा. गहिनीनाथला नाद होता तो परदेशी इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जुन्या रेकॉर्डींचा, त्यातही ज्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत अशांचा. हा वारसा बापाचा. कर्ण्यावर रेकॉर्डी वाजवणारे धोंडीराम कर्णेवाले हे गेवराई भागातल्या लग्नांचं एकेकाळचं भूषण. परळीच्या वीजकेंद्रात कामाला आलेल्या परदेशी इंजिनीयरांनी जाताना भंगारात टाकलेला रेकॉर्डींचा एक गठ्ठा त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो काही न वाजवता खोलीत टाकला, आणि पोरानं तो वाजवला. पोराचं जे वाटोळं झालं ते तिथंच.

"मिळत न्हाई म्हणून भारी," मुक्ताबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, यावर ठाम मत होतं. "बाजारात ढिगानं मिळाल्या असत्या, तर तुमीच म्हणला असता, ही काय कटकट हाय!"

गहिनीनाथ यावर फडकं घेऊन रेकॉर्डी पुसायला लागे. बायको खरं बोलली की त्याला नेहमीच रेकॉर्डींवर धूळ दिसे.

त्याच्या सगळ्या संग्रहात त्याला प्राणाहून प्रिय होतं एक रिकामं कव्हर. नारंगी माळरानात उभा एकटा विजेचा खांब, एवढंच चित्र. आतली रेकॉर्ड नव्हती. मोबाईलवर त्याच्यासारख्याच वेड्यांचा एक गट होता. त्यातला बेल्जियमचा एक गडी, जपानचा एक गडी, सगळे त्या रेकॉर्डीच्या शोधात होते. कुणी ती ऐकलेली नव्हती, त्यामुळं ती जगात सर्वोत्तम आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. गहिनीनाथकडं निदान कव्हर आहे म्हणून गटात त्याला मान होता. तलवाड्यात त्या कव्हरला भिंतीवर एक खिळा होता.

रेकॉर्ड गेली कुठं, हे धोंडीरामांनी मरेपर्यंत धड सांगितलं नाही. "माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणायचे आणि चुन्याची डबी उघडायचे.

तर दिवाळीच्या आधी काय झालं, गहिनीनाथचा भागीदार नाथा मंडपाचा टेम्पो घेऊन धर्मापुरीला गेला. एका घरी पाणी प्यायला टेकला, आणि तिथून त्यानं फोटो पाठवला. ओसरीत पाण्याचा रांजण; रांजणावर झाकण म्हणून काळी रेकॉर्ड; मधल्या भोकात मूठ म्हणून दोऱ्याचं रीळ ठोकलेलं. आणि रिळाभोवतीच्या लाल चकतीवर इवलासा विजेचा खांब.

गहिनीनाथनं लगेच फोन लावला. "नाथ्या, उचलून आण बे!"

"उचलून कशी आणू? म्हातारी शेजारीच बसलीया. मी म्हणलं, मावशे, ही घाण कशाला, स्टीलचं नवं झाकण देतो. तर म्हणती, झाकण द्यायला आलास का न्यायला? ती माझ्या माहेरची हाय."

"माहेर कुठलं?"

"आपलंच की. तलवाडा."

म्हातारीचं नाव सुभद्राबाई. भाऊ नाही, आईबाप कधीचे गेले. तलवाड्याहून तिच्याकडं वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. हे ऐकून कुणाही सज्जन माणसाला वाईट वाटलं असतं. गहिनीनाथला आनंद झाला.

"भाऊबीजेला जायचं," त्यानं बेत मांडला. "गावचा भाऊ म्हणून. लुगडं न्यायचं. ओवाळून झालं की म्हणायचं, आक्का, ती रेकॉर्ड दे. पाटावर बसलेल्या भावाला कुठली बहीण न्हाई म्हणंल?"

"लई पोचलेला हायेस बे तू," नाथा आदरानं म्हणाला.

मुक्ताबाईनं जांभळ्या काठाचं चांगलं लुगडं निवडून दिलं. भाऊबीजेच्या सकाळी गहिनीनाथ टेम्पोत बसला तेव्हा मांडीवर सुटकेसएवढं रेकॉर्ड वाजवायचं मशीन होतं आणि छातीशी ते कव्हर. खात्री करायला नको?

सुभद्राबाईनं त्याला दारातच न्याहाळलं. "धोंडीराम कर्णेवाल्याचा व्हय रं तू? कान त्येच हायेत."

"व्हय, आक्का."

"मंग तुला ठावं असंल, तुझ्या बापानं माझ्या लग्नात काय केलंतं."

त्याला ठावं नव्हतं. मग तिनं सांगितलं. धोंडीरामांना अक्षर येत नव्हतं; रेकॉर्डी ते चकतीच्या रंगावरून ओळखायचे. निळी नवरदेव मारुतीला निघतानाची, हिरवी जेवणावळीची, आणि लाल होती पाठवणीची सनई. सुभद्राबाई निघायला उठली, बायकांनी पदर डोळ्याला लावले, आणि धोंडीरामांनी लाल चकतीची रेकॉर्ड चढवली. ती दुसरीच लाल निघाली, परदेशी गठ्ठ्यातून चुकून पेटीत आलेली. कर्ण्यातून टूं, टूं, घूंऽऽऽ सुरू झालं. वऱ्हाडाचे बैल बिथरले. आई रडायची थांबली. आणि नवरी, जिच्या डोळ्याचं पाणी सकाळपासून खळलं नव्हतं, ती फसकन हसली. हसत हसत गाडीत बसली.

"माझे वडील ती रेकॉर्ड दगडावर आपटाया निघालते. मी हिसकून मांडीवर घेतली," सुभद्राबाई म्हणाली. "सासरी आले ते हसतच. सासू म्हणली, येडी का काय ही!"

मग तिनं स्वतःच रीळ उपसलं आणि पदरानं रेकॉर्ड पुसली. वरची बाजू भांड्यांनी ओरबाडून निघाली होती, पण खालची, रांजणाच्या गारव्यातली, कोरी राहिली होती. गहिनीनाथनं ती मशीनवर ठेवली. ज्याच्यासाठी बेल्जियम आणि जपान झुरत होते, ते संगीत धर्मापुरीच्या ओसरीत सुरू झालं. पिठाच्या गिरणीला उचकी लागावी तसं. गहिनीनाथचे डोळे भरले.

सुभद्राबाई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, तरी थांबेना. नाथा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. ज्याला रडावं की हसावं कळत नाही असा तो एकटाच होता.

करंज्या झाल्या, पाट मांडला. कुंकू लागलं, निरांजन फिरलं. गहिनीनाथनं ताटात लुगडं ठेवलं आणि घसा साफ केला. "आक्का..."

"लुगडं वैनीनं धाडलंय, काठावरूनच कळतंय," सुभद्राबाई म्हणाली. "तिला म्हणावं, झकास हाय. आता तू काय घालतोस?"

"मी?"

"ते हातात काय धरलंयस मघापासून? दाव."

त्यानं कव्हर दाखवलं. तिनं चित्र पाहिलं, मग मशीनवरची रेकॉर्ड पाहिली. लाल चकतीवर खांब, नारंगी माळावर खांब.

"अगं बया! हिचंच अंगडं की रं हे. कवापास्नं उघडी बसवलीया बिचारीला." आणि तिनं ताट पुढं केलं. "घाल."

गहिनीनाथनं नाथाकडं पाहिलं. नाथा आढ्याकडं पाहत होता. निरांजन जळत होतं, बहीण ताट धरून उभी होती. मागायला म्हणून तो पाटावर बसला होता, आणि पाटावर बसलेल्या भावाला नाही म्हणता येत नाही. त्यानं कव्हर ताटात ठेवलं.

"शंभर वर्सं जग, माझ्या भावा," सुभद्राबाई म्हणाली. रेकॉर्ड तिनं कव्हरात सरकवली. अशी बसली, जणू काल काढली होती. ते बघून गहिनीनाथला जे वाटलं, ते काही अगदीच दुःख नव्हतं. "अन् हे मशीन दर सालाला घिऊन येत जा. नाथा, ते स्टीलचं झाकण आण की आता. रांजण उघडा पडला."

घरी मुक्ताबाईनं विचारलं, "मिळाली?"

"ऐकली."

"अन् कव्हर?"

"ओवाळणीत घातलं."

मुक्ताबाई लई हसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्या खिळ्याला पिठाची चाळणी अडकवली.

गटात त्यानं फक्त एवढंच लिहिलं की रेकॉर्ड सापडली, बहिणीकडं आहे, ती देणार नाही. बेल्जियमच्या गड्यानं लगेच विचारलं, निदान ऐकायला तरी येऊ का?

गहिनीनाथनं लिहिलं: भाऊबीजेला ये. येताना लुगडं आण, आणि हातात दुसरं काही धरू नकोस.