सुटलेली गोळी

नवी मुंबईत महापे गावाच्या मागे एका बंद दगडखाणीत आमचा पिस्तूल क्लब रविवारी सकाळी जमायचा. तारेला टांगलेले लोखंडी पत्रे एकामागून एक टिपायचे. लागलेला वेळ घड्याळावर मोजायचे आणि नेम चुकला की त्यात सेकंद वाढवायचे. घाई केली तर नेम जायचा, नेम धरत बसलं तर वेळ जायचा. माझं दोन्ही जायचं.

तिथे एक वयस्कर आगरी गृहस्थ यायचे. पांढरी टोपी, पायात स्लिपर. नाव मी कधी विचारलं नाही. पाळी आली की खाडीवरचा वारा गालावर घेत ते क्षणभर डोळे मिटून उभे राहत, जणू उभ्या उभ्या झोप लागली आहे. मग हात उठायचा आणि खाणीत देवळातल्या घंटांसारखा नाद घुमत राहायचा. घाई कुठे दिसायचीच नाही. मला त्यांचा थोडा रागच यायचा.

मी मात्र दर गोळीनंतर थांबून बघायचो, लागली का.

"ती सुटली ना, मंग ती आपली नाय," एकदा ते म्हणाले. "तिच्याकडं कशाला बगतस? म्होरची बग, पोरा."

संघाच्या निवडीचा दिवस आला. जागा एकच होती आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो. त्यांचा शेवटचा पत्रा हुकला. त्यांनी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, टोपी झटकली आणि निकालाला न थांबता खाणीच्या पांढुरक्या धुळीतून चालू लागले. एकदाही वळले नाहीत.

संघासाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी अजून त्यांच्या पाठीकडेच बघत होतो.