शिवडीच्या चिखलातली निळी काडी

दिगूच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी माटुंग्याला भाजी घेत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता महिना उलटला. कुणाशी धड बोलवत नाही मला. बोलायचं आहे ते फक्त दिगूशी, आणि तेही माफी मागायला…

लालबागच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. मी गिरणीच्या रंगखात्यात लागलो, तो एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पोरं दगड ओळखायला शिकली ती त्याच्याकडून, पण डिग्री नाही म्हणून त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. मग त्यानेच एक नियम केला. जागेवर खनिज ओळखलं की वहीत नोंद करायची आणि शेजारी उभं राहून पाहणाऱ्याची सही घ्यायची. सहीशिवायची नोंद तो स्वतःही धरायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात तो मला शिवडीला घेऊन गेला. नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यातून निघालेला काळा चिखल कुंपणाबाहेर टाकला होता. त्यात एक जुनं हाड होतं आणि हाडाला चिकटलेल्या पांढुरक्या काड्या. नखानेही ओरखडा उठत होता. "आता बघत राहा," दिगू म्हणाला. उन्हात बघता बघता त्या निळ्या झाल्या. "व्हिव्हिअनाइट, रे! लोखंडाचं फॉस्फेट. आपल्याकडे सहसा मिळतच नाही."

मी हसलो. "दिग्या, वीस वर्षं नीळ हाताळलीय मी. आमचं कापडपण हौदातून पिवळं निघायचं नि हवेत निळं व्हायचं. गिरण्यांचं पाणी मुरलंय इथे, त्यातलीच नीळ ही."

त्याने पिशवीतून बाटल्या काढल्या, काडीचा चुरा तीव्र आम्लात विरघळवला, दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकून नळी जरा गरम केली. तळाशी पिवळा साका बसला. ही फॉस्फेटची खूण. मी म्हटलं, "हाडातलं असेल ते."

"असू दे. तू पाहिलंस ना? मग सही कर."

"पटल्याशिवाय नाही करणार."

पटलंय का, हे त्याने विचारलंच नव्हतं. रंगातलं मलाच कळतं हा माझा माज होता, दुसरं काही नाही. त्याने वही मिटली आणि चहाला चल म्हणाला.

तेराव्यानंतर वहिनींनी वही आणि एक घट्ट बंद डबा दिला. "याला उजेड लावायचा नाही म्हणायचे. तुमच्यासाठीच ठेवलेला." आत ओल्या मातीत पांढऱ्या काड्या होत्या, हाडाचा मागमूस नव्हता. खिडकीत ठेवल्या, निळ्या झाल्या. मग रंगखात्यातली आमची जुनी परीक्षा केली, पातळ आम्लाचा थेंब टाकला. नीळ तीव्र आम्लाने उडते, पातळ आम्लाने कधी जात नाही. काडी मुकाट विरघळून गेली.

"काय होतं ओ ते?" वहिनींनी विचारलं.

"दिगूचंच खरं होतं."

"मग तेव्हा का नाही म्हणालात? शेवटपर्यंत ती वही उशाशी होती."

वही आता माझ्यापुढे आहे. त्याचं बारीक अक्षर, आणि शेजारी कोरी जागा. रोज पेन उचलतो, ठेवतो. मी शेजारी उभा होतो, मी पाहिलं होतं… आता सही केली, तरी ती दाखवू कुणाला?