जपानचं रीळ आणि बीए पोरगं
हळद शिजवल्याचा वास आला की मला हळदीच्या हंगामात वसमतला लागलेला सिनेमाचा तंबू आठवतो. मी नुकताच बी.ए. झालो होतो, घराण्यातला पहिलाच, आणि तोराही तसाच होता. वडील मला आमच्या गावाहून, हट्ट्याहून, बैलगाडीनं घेऊन आले. खेळाआधी जपानवरचं माहितीचं रीळ लागलं. गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या बाया, कागदाच्या भिंतींची घरं. चित्रांसोबत न दिसणारा कुणी साहेब इंग्रजीत भराभर बोलत होता. वडील सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचं पोरगं बीए हाय. सांग रे, काय म्हणून राहिला त्यो?" तेव्हा आमच्याकडं राज्यकारभार उर्दूत, माझं कॉलेजही उर्दूतलं; इंग्रजी वाचलेलं, पण कानांनी कधी ऐकलेलं नव्हतं. एक अक्षर कळेना. मागून कुणीतरी हसलं, "काहून गप बसले, बीए सायेब?" तेवढ्यात वडील कडाडले, "आरं, जपानी बोली हाय ती! बीएला जपानी शिकवतेत व्हय?" हसणारा पुन्हा पडद्याकडं बघायला लागला. मी मान वर केली नाही. आता जपानवरचे चांगले माहितीपट मी शोधून शोधून बघतो, इंग्रजीही कळतं. पण वडलांना ती बोली खरंच जपानी वाटली होती, की त्यांनी माझी अब्रू झाकली, हे विचारायचं धाडस मला ते असेपर्यंत झालं नाही.