काहील आणि उकिरडा

अणुभट्टीच्या कामातून निवृत्त होऊन मी सांगलीला, विश्रामबागेत राहायला आले, तेव्हा आमचे हे म्हणाले होते की आता जरा शांत बस. ते मला या जन्मात जमायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत फळा लावला आणि अणुअभियांत्रिकीत एम.टेक. केलेली तीन मुलं पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी दर रविवारी घासायला घेतली. त्यातली एक कडेगावची मुलगी.

अभ्यास चोख, पण गेल्या वर्षी मुलाखतीत एका परीक्षकानं मुद्दाम चुकीचं विधान करून ‘बरोबर ना?’ असं विचारलं, आणि हिनं ‘येस सर’ म्हणून मान डोलावली. खेळ खलास. यंदाची संधी शेवटची होती. साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती विभागात तिला नोकरी मिळत होती आणि तिथली माणसं तेवढ्या मुलाखतीपुरती थांबली होती.

मोठ्या माणसाचं चुकलं तर आमच्याकडची पोरं खाली बघतात. मी साताऱ्याची, मलाही हेच वळण लावलेलं. चारचौघांत ते शोभून दिसतं, संशोधनात मात्र घात करतं. म्हणून मी फळ्यावर मुद्दाम चुका करायला लागले. एखादं चिन्ह उलटं लिहायचं आणि वाट बघायची. बाकीची दोघं बिनधास्त उतरवून घ्यायची. हिचं पेन मात्र नेमकं चुकीच्या जागी थांबायचं, आणि तोंडात मिठाची गुळणी.

एकदा माझा पारा चढलाच. पेन थांबतं तर तोंड का उघडत नाही, असं मी जोरात विचारलं. ती हळूच म्हणाली, “म्याडम, मोठ्या माणसाला तोंडावर चुकलं कसं म्हणायचं?”

शेवटी मी ठरवूनच टाकलं. फळ्यावर मी मुद्दाम चुका करणार, आणि त्या दाखवणं हा तुमचा अभ्यास. मग ती बोलायला लागली. आधी पुटपुटत, मग नीट. मला वाटलं, काम फत्ते.

अणुभट्टी बंद केली तरी ती थंड का करत राहावी लागते, हे सांगायला माझं एक ठेवणीतलं उदाहरण होतं. गुऱ्हाळातली काहील, उसाचा रस उकळायची ती भली मोठी कढई. खालचा जाळ काढला तरी रस रटरटत राहतो, तसंच हे. माझ्या मामाचं साताऱ्याजवळ गुऱ्हाळ होतं, त्यामुळे मी ते रंगवून सांगायचे. तेव्हाही तिचं पेन थांबलं होतं. हिला आपल्या गावचं गुऱ्हाळ आठवत असेल, असं मी समजले.

मुलाखत ऑनलाइन होती. कडेगावात विजेचा भरवसा नाही, म्हणून ती आमच्याकडेच बसली. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. ह्यांना मी मिक्सर लावायची बंदी केली, कुकरही चढवू दिला नाही. स्वतः दाराला कान लावून उभी राहिले. ह्यांनी खुर्ची आणून दिली, पण बसवेना.

सुरुवातीचे प्रश्न तिनं व्यवस्थित झेलले. मग एका वयस्कर परीक्षकानं भट्टी बंद झाल्यानंतरच्या उष्णतेबद्दल विचारलं. तिनं काहील काढली. मी दाराबाहेर मनातून खूश झाले. परीक्षकही हसले, फार छान उदाहरण म्हणाले. आणि मग अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं, म्हणजे साठलेली उष्णता एकदा निघून गेली की विषय संपला, बरोबर ना?

त्या ‘बरोबर ना’त गळ होता, आणि त्याला लावलेलं आमिष माझं. काहिलीत जाळ काढल्यावर नवी उष्णता तयार होत नाही, असलेली निवते. भट्टीत ती इंधनाच्या पोटातून नव्यानं येत राहते. इतकी वर्षं हे मी शिकवलं होतं आणि इतकी वर्षं शेजारी काहीलही ठेवली होती. मी कान दाराला आणखी दाबला. नेट गेलं की ती अडकली, कळेना. ह्यांनी माझा दंड धरला.

मग तिचा आवाज आला. इंग्रजीत बोलली, पण आपल्या भाषेत ते असं होतं: “नाही सर. माझं उदाहरणच चुकलं.”

माझं, म्हणाली.

मग दुसरं सांगा, असं परीक्षक म्हणाले. तिनं उकिरडा सांगितला. थंडीच्या दिवसांत शेणखताचा ढीग सकाळी उकरला की आतून वाफ येते. खाली जाळ नसतो, वरून कुणी तापवत नाही, तो आतूनच तापत राहतो आणि हळूहळू निवतो. स्क्रीनपलीकडे कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते हसू चांगलं होतं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. काहिलीचं कधी लक्षात आलं, असं मी विचारलं. पहिल्याच वेळी, म्हणाली. मग बोलली का नाहीस, आणि आत तेच का सांगितलंस?

“मुद्दाम केलेल्या चुका दाखवायच्या, असं ठरलं हुतं म्याडम. ही तुमची खरी हुती.”

मला राग आला. तिचा, माझा, मामाच्या गुऱ्हाळाचाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवला आणि तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

तिची निवड झाली. कारखान्याला तिनं नकार कळवला. तरी जाण्याआधीच्या रविवारी ती सवयीनं येऊन बसली. मी बाकीच्या दोघांना एक गणित सोडवून दाखवत होते, घाईत, फळ्याकडे तोंड करून.

“म्याडम, थांबा,” ती मागून म्हणाली. “तिसरी ओळ चुकली.”

मी वळून बघितलं. ती खाली बघत नव्हती. तिसरी ओळ मी मुद्दाम चुकवलेली नव्हती.