मामांचा खडा

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका मन लावून आजारी पडणारा माणूस सबंध पोलादपुरात झाला नाही. साधी शिंक आली तरी सगळ्या आळीला सांगून यायचे. कुणाच्या मयताला गेले, तरी गेलेला माणूस राहायचा बाजूला आणि हे आपली पाठ कशी भरून आली ते सांगत बसायचे. मामी या कण्हण्याला इतक्या सरावल्या होत्या, की मामा विव्हळायला लागले की त्या रेडिओ मोठा करायच्या.

त्यामुळे एकदा मामा खरोखरच पोट धरून जमिनीवर लोळायला लागले, तेव्हाही मामी म्हणाल्या, "नाटकं नकोत. उठा, भात निवतोय." महाडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत मूतखडा दाखवला, तर मामींना त्यात काहीच दिसेना. "ढग हायत नुसते," म्हणाल्या. मामांना हे दुखण्यापेक्षा जास्त लागलं. "जावईबापू, खडा आणून हिच्या हातावर ठेवतो! मग बघू काय म्हणते!"

लेसरसाठी मी त्यांना वरंधा घाटाने पुण्याला नेलं. वळणावळणाला मामा आपल्या तेराव्याचा बेत मला सांगत होते. खिशात खड्यासाठी धुऊनपुसून घेतलेली काचेची बाटली होतीच. ऑपरेशन झकास झालं. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घातली, कुठे चिरा नाही की टाका नाही. डॉक्टर खुशीत म्हणाले, "काका, पार भुगा केला. लघवीतून निघून जाईल."

मामांचा चेहरा खाडकन उतरला. "भुगा? अहो, मग घरी दाखवू काय?"

आयुष्यात एकदा खरं दुखणं झालं, आणि तेही पुराव्यासकट नाहीसं!

परतताना घाटात चहाला थांबलो. मामा जरा आडोशाला जाऊन आले ते बाटली खुळखुळवतच. आत सुपारीएवढा काळा दगड! अहो, निवडायचाच तर गव्हाएवढा निवडावा की नाही? पण कुठलीही गोष्ट लहान करून सांगणं मामांच्या रक्तातच नव्हतं. मामींनी बाटली उजेडात धरली, एकदा मामांकडे पाहिलं आणि "बया! एवढा होता?" म्हणून ती देवळीत ठेवून दिली. पुढे मामा आल्यागेल्याला ती दाखवत राहिले, आणि मामी शेजारी बसून मान डोलवत राहिल्या.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा साफसफाई करताना आमची ही ती बाटली टाकायला निघाली, तर मामींनी हातातून काढून घेतली.

"रस्त्यावरचा दगड हाय तो. मला काय कळत नाय?" पदराने बाटली पुसत त्या म्हणाल्या. "पण दुखत होतं गो त्यांना. नि मी म्हटलं, भात निवतोय."